कंसातले दोन आकडे

कर्नेल पॅनिक झाला की ‘अननोन ब्लॉक’पुढच्या कंसातले दोन आकडे आधी बघावेत. शून्य-शून्य असेल तर कर्नेलला डिस्कच दिसलेली नाही: कंट्रोलरचा ड्रायव्हर राहिला, नाहीतर रूटचं नाव चुकलं. आठ-एक असेल तर डिस्क सापडली, पण तिच्यावरची फाइलसिस्टीम वाचता येत नाही. लोक मला स्क्रीनचा फोटो पाठवतात आणि नेमका कंस कापलेला असतो!

इनिटरामएफएस घेतलं की यातलं बरंचसं टळतं. मी घेत नाही. डिस्कचा ड्रायव्हर आणि ईएक्सटी४ थेट कर्नेलमध्ये, मॉड्यूल म्हणून नाही, आणि रूट पार्टयूयूआयडीने. फाइलसिस्टीमचा यूयूआयडी दिला तर कर्नेल एकटा तो शोधू शकत नाही, त्याला यूजरस्पेस लागते. २.६.१९ मध्ये लिबएटीएचे नवे पाटा ड्रायव्हर आले, हळूहळू एचडीएचं एसडीए झालं, तेव्हापासून मी डिस्कच्या नावावर विसंबत नाही.

विचारलं तर सांगतो, बूट लवकर होतं. वाचतं किती? चहाचा घोटही होत नाही. खरं म्हणजे ‘माझा कर्नेल एकटा उठतो’ असं चारचौघांत म्हणता येतं. डिस्ट्रोने बांधून दिलेला कर्नेल वापरणाऱ्यांकडे मी जरा वरूनच बघत आलोय. हल्लीच्या क्लासांत तर ‘ॲडमिन’ म्हणून बाहेर पडणाऱ्याने मेनूकॉन्फिग उघडूनही पाहिलेलं नसतं.

समता कॉलोनीत शेजारची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, शिकायला येते. मे महिन्यात रायपूरच्या उन्हात सगळे कोअर लावून मेक चालवला की लॅपटॉप तापतो आणि स्वतःच वेग उतरवतो, म्हणून आम्ही कूलर लावून रात्री बसतो. तिने लोकलमॉडकॉन्फिग लावलं. त्या घडीला जे मॉड्यूल लोड झालेले असतात तेवढेच ते ठेवतं. मी गप्प होतो, तिचं काहीतरी राहणार म्हणून वाट बघत. पण तिने आधीच वायफाय, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, फोनचं टेदरिंग सगळं एकेकदा जोडून एलएसमॉडची यादी साठवली होती. खरं सांगायचं तर जरा हिरमोड झाला.

मग म्हणाली, “काका, इनिटरामएफएस तर लागेलच ना? माझी डिस्क एन्क्रिप्टेड आहे.”

लागणारच. रूट उघडण्याआधी पासफ्रेज विचारायला कुणीतरी हवं, आणि ते काम यूजरस्पेसचं. माझ्या लॅपटॉपवर बँकेची कागदपत्रं, घरच्यांची आधार कार्डं आहेत. तो घेऊन मी रेल्वेने नागपूर-रायपूर करतो, आणि त्याची डिस्क आजवर एन्क्रिप्ट केलेली नाही. केली असती तर कर्नेल एकटा उठला नसता.

तिच्या लॅपटॉपवर ६.१२ पहिल्या फटक्यात उठला. माझा अजून ६.६ वरच आहे, विनाइनिटरामएफएस, विनाकुलूप.