तिसरं कडवं

नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती देऊळ म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. बाकं नव्हती, सतरंजी होती. रविवारी पेटी, ढोलकी आणि टाळ. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं आत भजन चाललंय, आणि ते भजनच असायचं. 'उपासना संगीत' हे आमचं गाण्याचं पुस्तक. त्यातली कितीतरी पदं रेव्हरंड ना. वा. टिळकांची. कोकणातल्या करजगावचा हा ब्राह्मण कवी १८९५ साली ख्रिस्ती झाला, पुढं नगरला राहिला. ज्ञानोबा-तुकोबांवर पोसलेली आपली वाणी त्यानं तशीच देवळात आणली. म्हणून ती पदं आमच्या बायांना परकी वाटली नाहीत.

आईला अक्षरओळख नव्हती. पुस्तक मात्र तिचं. त्यात ती रेशनकार्ड ठेवायची. पदं सगळी तोंडपाठ. १९७२च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि सुकडीच्या आशेनं मी मागं मागं. हातोडा पडेल तसं तिचं पद चालायचं. ख्रिस्ताला आई आणि गुरू म्हणून आळवणारं टिळकांचं एक पद तिचं फार आवडीचं.

मी एकदा विचारलं, "येशू तर बाप्या माणूस. मग आई कसा गं?"

"भूक लागली की तू कुणाला हाक मारतोस?" ती म्हणाली आणि पुढचा दगड घेतला. शेजारच्या बाया माळकरी घरच्या. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या त्या. त्यांना यात काही नवल वाटायचं नाही. त्याही सूर धरायच्या.

पुढं मी शिकलो, देवळात पेटी वाजवायला लागलो. पदं रोजचीच झाली. रोज हातातल्या नाण्यावरचा छापा कोण बघतो?

मग ते कांद्याचं वर्ष आलं. भाव नव्हता म्हणून चाळीत ठेवला. भाव आला तेव्हा चाळ वास मारत होती. सोसायटीचं कर्ज, वर हातउसने. एका रात्री वीज आली म्हणून घासाला पाणी धरायला गेलो. मोटार चालू केली आणि विहिरीच्या काठावर बसलो. मनात काय होतं ते लिहीत नाही. शेतकऱ्याला ते सांगावं लागत नाही.

प्रार्थना काही सुचेना. ओठावर आलं ते आईचं पद, खडी फोडतानाच्या चालीत. एक कडवं झालं, दुसरं झालं. तिसरं आठवेना. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथंच अडलं. हजारदा वाजवलेलं पद! मला माझाच राग आला. लहानपणी विचारलेला प्रश्नही आठवला, आणि एवढा बाप्या मी, आई आई करत रडलो.

मोटार तशीच ठेवून घरी आलो. आई ओसरीवर जागीच होती.

"आई, तिसरं कडवं काय गं?"

तिनं कुठलं पद ते विचारलं नाही. म्हातारा आवाज, चिरका, पण शब्द एक चुकला नाही. कडवं संपल्यावर तिनं माझे कोरडे पाय चाचपले.

"पाणी धरायला गेला व्हतास ना?"

मी गप्प.

"चल, मी बी येते. बॅटरी घे," ती म्हणाली आणि काठी शोधायला लागली.