उत्साहाचीही नोंद हवी

धर्मगुरूच्या दारी दुःख घेऊन येणारे पुष्कळ असतात. पण घरातील माणूस फार उत्साही झाला आहे, अशी तक्रार घेऊन क्वचितच कुणी येते. डॉक्टर ज्याला ‘बायपोलर’ म्हणतात, त्या द्विध्रुवी मनोविकाराचे अचूक निदान वर्षानुवर्षे लांबते, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

या विकारात माणूस कधी उन्मादाच्या, तर कधी खोल विषण्णतेच्या अवस्थेत जातो. हे दोन वेगळे आजार नसून एकाच आजाराची दोन रूपे आहेत, हे फाल्रे आणि बायार्जे या फ्रेंच वैद्यांनी १८५४ च्या सुमारासच मांडले होते. तरीही रुग्ण डॉक्टरांकडे जातो तो बहुधा विषण्णतेच्या काळात. अर्धीच हकीकत कानी पडल्यावर निदानही अर्धेच होते.

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाची हकीकत त्याच्या व त्याच्या आईच्या संमतीने येथे सांगतो. आगमनकाळात हा तरुण एकट्याने गोठा उभारू लागला. रात्री जेमतेम दोन तास झोपे, पहाटे चारला लोकांना फोन करी, उसनवारी करून त्याने नवे ध्वनिक्षेपकही आणले. “फादर, पोरगा देवाच्या वाटेला लागला,” असे त्याची आई कौतुकाने सांगे. उपवासकाळात तोच तरुण अंथरुणाला खिळला आणि ‘देवाने मला टाकले’ असे म्हणू लागला. घरच्यांनी त्याला डॉक्टरांकडे नेले. पण सांगितले ते केवळ उपवासकाळातले. नाताळ हा त्यांच्या लेखी सुखाचा काळ होता.

नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांतच तो पुन्हा रात्री जागू लागला. या विकारात केवळ नैराश्यावरचे औषध दिल्यास काही रुग्ण उन्मादाकडे ढकलले जातात. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी आईला विचारले, “मावशी, हा कधी नको तितका आनंदात होता का? तुमच्या नात्यात असे कुणी होते का?” तेव्हा कुठे नाताळाची गोष्ट निघाली आणि मामाचीही.

या विकाराची खात्री करून देणारी रक्ततपासणी नाही. थायरॉइडसारखी अन्य कारणे वगळण्यासाठी तपासण्या होतात. परंतु निदानाचा मुख्य आधार असतो तो जीवनवृत्तान्त. शिवाय सौम्य उन्माद चार दिवसांचाही असू शकतो. तो सहज नजरेतून निसटतो. निदान योग्य झाले की उपचारांना दिशा मिळते. ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर लिथियमचा गुण दाखवून दिला. ते औषध आजही दिले जाते. मात्र रक्तातील त्याचे प्रमाण, मूत्रपिंडे व थायरॉइड यांची नियमित तपासणी करावी लागते.

आपल्या समाजात आणखी एक अडसर आहे. उन्मादाला आपण पवित्र आत्म्याचा संचार समजतो, विषण्णतेला श्रद्धेची उणीव, आणि दोन्ही असह्य झाले की भूतबाधा. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. १९९२ च्या ‘कॅथोलिक श्रद्धाग्रंथा’च्या १६७३ व्या परिच्छेदात मानसिक आजार हा वैद्यकशास्त्राचा विषय असल्याचे स्पष्ट केले आहे. सिराकच्या ग्रंथातील ३८ वा अध्याय तर प्रार्थना आणि वैद्य या दोहोंचीही गरज सांगतो. औषध घेणाऱ्याची प्रार्थना उणी ठरत नाही.

म्हणून घरोघरी माझे एक सांगणे असते. एका साध्या वहीत रोजची झोप, बोलणे, खर्च आणि मनाची स्थिती लिहून ठेवावी. चांगले वाटलेले दिवसही त्यात टिपावेत. डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि घरातील एक माणूस सोबत न्यावा. आपणहून औषध बंद करू नये. मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटे न सोडता त्वरित मदत मिळवावी. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. आणि ‘फादर, माझी श्रद्धा आटली’ असे म्हणत कुणी आले, तर त्याच्यासाठी प्रार्थना करण्याआधी मी त्याला झोपेविषयी विचारतो.