जिद्दीचं भाषण

दहावीच्या गुणगौरव समारंभात माझं भाषण ठरलेलं असे. वरवे बुद्रुकला, नसरापूरला, पार वेल्ह्यापर्यंत मी ते ठोकलंय. परिस्थितीचं रडगाणं गाऊ नका, जिद्द असली की वाट सापडते. दाखला खाशाबा जाधवांचा. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकहून ब्राँझ पदक आणतो म्हटल्यावर टाळ्या पडायच्याच.

हल्ली ते भाषण घशातून उतरत नाही.

खाशाबांची जिद्द खोटी नव्हती. पण वडील दादासाहेब स्वतः पैलवान, म्हणजे आखाडा घरातच. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हे मी ओझरतं सांगून पुढे जायचो. तिथे जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती हरल्यावर खाशाबांना लगेच रशियन मल्लापुढे उभं केलं. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण भांडायला आपला एकही अधिकारी जागेवर नव्हता. इशीला सुवर्ण मिळालं. खाशाबांच्या जिद्दीत त्या अर्ध्या तासात काय कमी पडलं, सांगा.

जिद्दीपेक्षा परिस्थिती भारी पडते, हे आमच्याकडे तर रोज दिसतं. वरवे पुणे-सातारा हायवेवर. रस्ता रुंदावला तसे गुंठ्याचे भाव चढले. तिकडे भाटघर धरणामागच्या वाड्यांच्या भातखाचरांवर कित्येक दशकांपासून धरणाचं पाणी आहे. ते नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाला जातं, आणि धो धो पावसाच्या या डोंगरात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. कष्टाळू कोण, हे यावरून ठरवायचं?

माझ्या वर्गात दोन पोरं होती. एक हायवेकडचा. बारावीला आपटला, डिप्लोमा सोडला, टायरच्या दुकानात बुडाला. मग वडिलांनी रस्त्यालगतच्या तुकड्यावर गोडाऊन बांधून दिलं. आज तो यशस्वी उद्योजक म्हणून माझ्याच शेजारी व्यासपीठावर बसतो. माणूस चांगला आहे, मेहनतीही.

दुसरा धरणामागचा. पहाटे उठून भरतीसाठी पळायचा, दाजींच्या बुटांत. बूट दोन नंबर मोठे, पुढे चिंध्या कोंबलेल्या. भरतीच्या तोंडावर पाय मुरगळला. पुढच्या खेपेपर्यंत थांबायला घरात पैसा नव्हता. शिरवळला ठेकेदाराकडे लागला तो लागलाच. पहिल्याला तीनदा पडायची मुभा होती, याला एकदाही नाही. आणि मी मात्र वर्षानुवर्षं पहिल्याची जिद्द सांगत होतो.

बरं, पहाटे उठायची उमेद तरी आपली स्वतःची म्हणावी का? त्याला उठवायला आई होती. ज्याला कुणी उठवलंच नाही त्याला आळशी म्हणून आपण मोकळे होतो.

यंदा हे सगळं सांगितलं तर एक पालक उखडले. “गुरुजी, मग पोरांनी हातपायच हलवायचे नाहीत का?” प्रश्न रास्त होता. म्हटलं, हलवायचेच. खाशाबाही दमलेल्या अंगानं उतरलेच की मॅटवर. पण खर्डेकर व्हायचं कुणी, हे पोरांना विचारून कसं चालेल? ते आपल्याला, खुर्चीवाल्यांना विचारायचं. शाली-श्रीफळांचा खर्च काढून त्यात भरतीच्या पोरांना बूट घ्यावेत असं मी कमिटीला सुचवलं. बरीच चुळबुळ झाली. श्रीफळ राहिलं, शाली गेल्या. बुटांचे नंबर घ्यायचं काम माझ्याकडे आलंय.