मामाचा तलाव आणि मूळ साचा

माझ्या मामाचं गाव साकोली तालुक्यात, जिल्हा भंडारा. गावाला मोठा तलाव आहे, आणि सरकारी कागदात त्याला 'मामा तलाव' म्हणतात. लहानपणी मला खरंच वाटायचं की तो माझ्या मामाचा आहे. सुट्टीत आलेल्या मावसभावांना मी तसं पाळीवर उभं राहून ठणकावून सांगितलंही होतं. पुढे कळलं की मामा म्हणजे 'माजी मालगुजारी'. असो :)

गेल्या उन्हाळ्यात याच तलावाचं डिझाइन 'सुधारायचा' घाट मी घातला होता, त्याची ही गोष्ट. पण त्याआधी माझ्या धंद्यातला एक किस्सा सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला पगाराच्या स्लिपा छापणारा एक जुना प्रोग्रॅम वारशात मिळाला. लिहिणारा केव्हाच सोडून गेलेला. साहेबांनी सांगितलं, स्लिप जरा बरी दिसू दे आणि कपातीचा एक रकाना वाढव. मी काय केलं, सरळ मूळ साच्याची फाइल उघडली आणि तिच्यातच खाडाखोड केली. छान दिसायला लागली. सगळे खूश. तीन महिन्यांनी त्या प्रोग्रॅमची नवीन आवृत्ती आली, मूळ फाइलवर नवी फाइल बसली आणि माझं सगळं काम धुऊन गेलं. तेही नेमकं एकतीस तारखेला. जुनी प्रत ठेवलेली नव्हती, त्यामुळे रात्रभर आठवून आठवून परत लिहीत बसलो.

दुसऱ्या दिवशी एका सीनियरनं चहा पाजून शिकवलं ते आजतागायत विसरलो नाही. वारशात आलेल्या मूळ साच्याला हात लावायचा नाही. त्याच्यावर आपला वेगळा साचा करायचा आणि त्यात फक्त जेवढं वेगळं हवं तेवढंच लिहायचं. बाकी सगळं मूळ साच्यातून आपोआप येतं. मूळ बदललं तरी आपलं राहतं, आणि आपलं चुकलं तर ते काढून टाकलं की मूळ जसंच्या तसं. शिवाय सुरू करण्याआधी प्रत काढून ठेवायची आणि एका वेळी एकच बदल करायचा. एवढंच. वीस वर्षं मी नवीन पोरांना हेच सांगत आलोय.

तर तलाव.

पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. भंडाऱ्याकडचे बरेचसे कोहळी समाजातल्या माणसांनी बांधले, काही दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे. मालगुजारी होती तोवर देखभाल मालगुजार आणि गाव मिळून करायचे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. म्हणजे आमच्या भाषेत, लिहिणारे निघून गेले आणि सिस्टिम चालूच राहिली. आजही मामाच्या बांध्यांतला धान त्याच पाण्यावर पिकतो.

तलावात गाळ भरलाय, बेशरम माजलीय, पाणी दिवाळीनंतर टिकत नाही, अशी तक्रार मामा दर फोनवर करायचा. मग आम्ही गावच्या नोकरदार मंडळींनी वर्गणी काढली. एक लाख ऐंशी हजार जमले. मी पुण्यात बसून, उपग्रहाचे फोटो बघून प्लॅन केला. जेसीबी लावून तळ सहा फूट खोल करायचा. सांडवा दोन फूट उंच करायचा. उथळ काठ भरून घेऊन तिथे फरशा, बाक, फिरायला रस्ता. एक्सेल शीटमध्ये पाण्याचा आकडा बघून मी स्वतःवरच खूश होतो. मामा तर माझ्याहून खूश, कारण त्याचं शेत पाटाच्या शेवटाला आहे, तिथवर पाणी कसंबसं पोचतं.

मे महिन्यात गावी गेलो. तलावात मासेमारी ढिवर समाजाच्या सहकारी संस्थेकडे आहे. संस्थेचे जुने अध्यक्ष सत्तरीच्या पुढचे, सगळे त्यांना बाबाजी म्हणतात. त्यांनी माझा कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "बापू, तुडुमाचं तोंड कोठी हाये, पायलं का?"

तुडुम म्हणजे तलावातून पाटात पाणी सोडायची जागा. मी ती पाहिली नव्हती. फोटोत दिसत नाही ना ती!

उन्हं उतरल्यावर ते मला पाळीवरून फिरवायला घेऊन गेले. तुडुमाचं सगळ्यात खालचं भोक दाखवलं. पाणी उताराने वाहतं, म्हणजे त्या भोकाच्या वर जेवढं असेल तेवढंच शेतात जाणार. मी त्याच्याखाली सहा फूट खणणार होतो, म्हणजे मामाच्या शेताला त्यातलं थेंबभरही मिळालं नसतं. वर पाळीच्या पायथ्याशी खणलं तर पाळच कमजोर. आणि तळाच्या ज्या चिकण मातीच्या थराने पाणी धरून ठेवलंय, तो फाटला तर तलाव झिरपून रिकामा.

मग सांडवा. दोन फूट भिंत म्हणजे मला एका ओळीचा बदल वाटला होता. पण आमच्याकडची जमीन सपाट, पाणी दोन फूट चढलं की मागे लांबवर पसरतं, लोकांच्या शेतांत. पाळ मात्र तेवढ्याच उंचीची राहिली, म्हणजे पुराला जागा कमी. मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की पाळ टिकत नाही. आणि आमच्या सांडव्यातून जे वाहतं ते वाया जात नाही, त्यावर खालच्या गावचा तलाव भरतो. मला हे ठाऊकच नव्हतं.

उरला उथळ काठ, ज्याला मी 'मोकळी जागा' समजून फरशा लावणार होतो. तिथे पाणवनस्पती वाढतात, त्यांच्यात मासे अंडी घालतात. बाबाजी एवढंच म्हणाले, "तो मासोळीचा पाळणा हाये बापू."

मी घरी येऊन गप्प जेवलो. एकतीस तारखेची ती रात्र आठवली. फरक एवढाच की तिथे मी निदान परत लिहू शकलो. तलावाची प्रत काढता येत नाही. तिथे 'मागचं परत आणा' असं बटण नाही. म्हणजे सगळी सावधगिरी हात लावण्याआधीच घ्यायला हवी.

मग मी शाळकरी पोरासारखा वाचायला बसलो. तलाठ्याकडून निस्तार पत्रकाची नक्कल आणली. गावाच्या सामाईक जागांवर कुणाचा काय वहिवाटीचा हक्क आहे ते त्यात असतं. शिवाय अर्जुनी मोरगाव भागातल्या कामाची माहिती काढली (तो तालुका आता गोंदिया जिल्ह्यात, १ मे १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होता). तिथे मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजाच्या लोकांबरोबर तलाव सुधारलेत. त्यात बायकांचा मोठा वाटा. बेशरम मुळासकट उपटायची, तळ नांगरायचा आणि चांगल्या तलावातून हायड्रिला, व्हॅलिस्नेरियासारख्या देशी वनस्पती आणून लावायच्या. म्हणजे बघा, पाळ तीच, तुडुम तेच, सांडवा तोच. मूळ साचा न मोडता वर फक्त आपला थर. माझ्या सीनियरला हे ऐकून आनंद झाला असता.

ग्रामसभेत मी माझा प्लॅन स्वतःच मागे घेतला. नवीन यादी लहान होती. परवानगी घेऊन तुडुमाची गळती बुजवायची. बेशरम काढायची. वर साचलेला गाळ, तोही पाळीपासून दूरचा आणि तुडुमाच्या पातळीच्या वरचाच, ज्याला हवा त्याने शेतात न्यायचा. वनस्पती फक्त एका कोपऱ्यात लावायच्या आणि एक पावसाळा थांबून बघायचं. उरलेले पैसे बँकेत.

मामा चिडला. सगळ्यांसमोर म्हणाला, "पैसे जमवले पाणी वाढवायले, अन् आता गवत लावतो म्हनते!" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. साठ वर्षं पाटाच्या शेवटाला बसून पाण्याची वाट बघणाऱ्या माणसाला 'एक पावसाळा थांबू' हे सांगायला पुण्याच्या भाच्याचं काय जातं? दोन महिने त्याने फोन उचलला नाही.

पावसाळ्यात पाळ शाबूत राहिली, खालचा तलावही भरला. कोपऱ्यातल्या निम्म्या वनस्पती जगल्या, निम्म्या गुरांनी खाल्ल्या. (टेस्टिंगमध्ये गुरं धरली नव्हती.) तुडुमाची गळती थांबल्यामुळे दिवाळीनंतरही पाणी होतं. मामाच्या शेवटच्या बांधीपर्यंत एक जादा पाणी पोचलं. एकच. त्याला दोन हवी होती.

डिसेंबरात त्याचा फोन आला. तलावाबद्दल अवाक्षर नाही. नवा तांदूळ काढलाय, पोतं पाठवतो, एवढंच. मग ठेवता ठेवता म्हणाला, "अन् त्या कोपऱ्याले यंदा कुंपन कर. गुरं लय आहेत आपल्या गावात."

कुंपणाचा खर्च मी आजच एक्सेलमध्ये टाकलाय. मेमध्ये जाईन तेव्हा आधी बाबाजींना दाखवीन.