माईंचं न ऐकलेलं गाणं

आमच्या जैनाबादच्या आहुखाना बागेत येणारे पाहुणे मुमताज महलची जागा विचारतात. १६३१ साली तिचं पार्थिव आधी इथेच ठेवलं होतं. हीराबाईबद्दल कुणी विचारत नाही. ती गाणारी होती. १६५३ च्या सुमारास शहजादा औरंगजेब तिच्यावर भुलला तो याच बागेत, असं सांगतात. ‘जैनाबादी’ हे तिचं नाव आमच्या गावावरून पडलं. तिनं आंबा तोडला नि शहजादा भान हरपला, हे लोक रंगवून सांगतात. ती गायची कशी, याचा मात्र मागमूस नाही.

चैतन्य ताम्हाणेंच्या ‘द डिसायपल’मधल्या माईंचंही तेच. २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळवलेला हा मराठी सिनेमा आमच्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही. माई म्हणजे सिनेमाचा नायक, गाणं शिकणारा शरद नेरुळकर, याच्या गुरुजींच्या गुरू. त्यांनी आपलं गाणं कधी मुद्रित होऊ दिलं नाही. उरली ती व्याख्यानं, सुमित्रा भाव्यांच्या आवाजात. रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकल चालवताना शरदच्या कानात तीच वाजत असतात: साधना, त्याग, एकटेपण.

मी गाणं शिकवतो, म्हणून सांगतो, शरद मेहनतीत कमी पडत नाही. त्याचा कान चुकीच्या जागी लागलाय. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखालचं सूत केसभर सरकवलं की जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुलते आणि खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो ऐकू आला की गळ्याला आपली जागा सापडते. त्यागाच्या व्याख्यानातून ती सापडत नाही. शिवाय ऐकलेल्या गाण्याची नक्कल करता येते, पुढे त्याच्याशी भांडताही येतं. न ऐकलेल्या गाण्याशी भांडणार कसं? एक जाणकार माईंबद्दल वाकडं बोलतो, तेव्हा शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. दुसरं उत्तर त्याच्यापाशी नाहीच.  

म्हणून शिकवणाऱ्यांना एक विनंती. थोरांच्या आख्यायिका मागाहून सांगा, आधी त्यांच्या तबकड्या ऐकवा. केसरबाई केरकर मुद्रणाला सहजी तयार होत नसत. तरी त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ पासून व्हॉयेजर यानावर आहे, आणि मुलांच्या फोनवरही.