पुस्तक राहिलें, वर्ष संपलें

एप्रिल महिना लागला म्हणजे शिक्षकाच्या जिवाला उसंत नसते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, गुणांचीं कोष्टकें आणि प्रगतिपुस्तकें यांच्या गर्दींत दिवस कसे जातात तें कळत नाहीं. गेलीं वीस वर्षें मी आपल्या या शाळेंत हें काम करीत आलों आहें. परंतु चार वर्षांपासून मला आणखी एका शाळेचें वर्ष संपवावें लागतें. त्या शाळेंत विद्यार्थी दोनच. वर्ग म्हणजे आमच्या घरांतील एक सतरंजी. मुख्याध्यापिका माझी पत्नी. आणि संध्याकाळीं हजर होणारा दुय्यम शिक्षक मी.

विद्यार्थी आमचींच मुलें. थोरली कन्या १४ वर्षांची. तिला डाऊन सिंड्रोम आहे. आपल्या शरीरांतील पेशींत सामान्यतः ४६ गुणसूत्रें असतात. तिच्या पेशींत एकविसाव्या जोडीला एक अधिक, म्हणून ४७ आहेत. एवढ्या एका अधिकामुळें बोलणें, चालणें, शिकणें सारेंच तिला उशिरानें साध्य होतें. धाकटा १० वर्षांचा. तो स्वमग्न आहे. त्याची स्मरणशक्ति दांडगी. पण तो बोलतो थोडें, आणि ठरल्या क्रमांत यत्किंचित् बदल झाला कीं त्याच्या जिवाची तगमग होते.

दोघेंही कांहीं काळ शाळेंत गेलीं. तेथील गति त्यांना मानवली नाहीं, म्हणून आम्हीं त्यांना घरीं शिकविण्याचें ठरविलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती झाली व तीव्र विकलांगता असलेल्या मुलांना घरीं शिकण्याचा पर्याय मिळाला. १९८९ सालीं स्थापन झालेल्या मुक्त विद्यालयाच्या राष्ट्रीय संस्थेंत माध्यमिक परीक्षेची नोंदणी पांच वर्षें चालते, आणि तेवढ्या अवधींत परीक्षेच्या नऊ संधि मिळतात. म्हणजे घाई सरकारी नियमांत नव्हती. ती माझ्या डोक्यांत होती.

पहिल्या वर्षीं मीं घरांत शाळेचें वेळापत्रक टांगलें, तास वांटले, आणि एप्रिलांत रीतसर लेखी परीक्षा घेतली. कन्येनें दहाही प्रश्नांपुढें आपलें नांव लिहिलें. तेवढें तिला उत्तम येत होतें. लिहून झाल्यावर ती मोठ्या आनंदानें माझ्याकडे पाहूं लागली. माझ्या हातांतील लाल शाईची लेखणी तशीच राहिली.

त्या रात्रीं मला फार जुना एक विद्यार्थी आठवला. हुशार डोळ्यांचा मुलगा. तोंडीं उत्तरें चटकन देई, पण वाचूं लागला कीं अक्षरें अदलाबदल होत. मीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत सुवाच्य अक्षरांत शेरा लिहिला होता: ‘लक्ष देत नाहीं.’ पुढच्या जूनला तो शाळेंत आला नाहीं. २०१६ च्या कायद्यानें ज्या २१ प्रकारच्या विकलांगता मानल्या आहेत, त्यांत वाचन-लेखनाची ही अडचणहि आहे. पण तो मुलगा दारांतून निघून गेला तेव्हां मला कायद्यानें अडविलें नव्हतें; मींच त्याच्याकडे नीट पाहिलें नव्हतें.

दुसऱ्या वर्षापासून पत्नीनें सूत्रें आपल्या हातीं घेतलीं. तिनें एक जाड वही केली व तिच्या प्रत्येक पानावर चार रकाने आंखले: ‘हात धरून’, ‘दाखवून’, ‘सांगून’ आणि ‘आपलें आपण’. मूल कोणतेंहि काम कोणत्या रकान्यांत करतें, त्याची तारखेसह नोंद ती ठेवूं लागली. बुटाची नाडी बांधण्याचें उदाहरण घ्या. तें काम तिनें सात पायऱ्यांत मोडलें व शेवटच्या पायरीपासून शिकविलें. सहा पायऱ्या आपण करावयाच्या आणि शेवटचा फांस मात्र मुलानें ओढावयाचा. तो साधला कीं मग शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्याकडे द्यावयाच्या. यांत मोठें शहाणपण आहे. प्रत्येक वेळीं काम पुरें झाल्याचा आनंद मुलाच्याच पदरीं पडतो. धाकट्याला ही नाडी यायला जूनपासून डिसेंबर लागला. मीं वर्गांत सात महिन्यांत अर्धें बीजगणित संपविलें असतें. पण त्या दिवशीं वहींत चवथ्या रकान्यांत खूण झाली तेव्हां आमच्या घरीं शिरा झाला.

यंदा जानेवारींत घरांत तापाची साथ शिरली व तीन आठवडे सतरंजी गुंडाळलेलीच राहिली. एप्रिल उजाडला तों गणिताच्या पुस्तकांतले सहा धडे शिल्लक. माझ्यांतला जुना मास्तर जागा झाला. रोज दोन धडे उरकण्याचा बेत मीं मांडला. दोन दिवसांत कन्या रडवेली झाली व धाकटा कान झांकून कोपऱ्यांत बसूं लागला. तिसऱ्या संध्याकाळीं पत्नीनें माझ्या हातांतून पुस्तक काढून घेतलें व म्हणाली, “अहो, पुस्तक राहूं द्या. वर्ष तर नीट संपवूं या.”

वर्ष नीट संपविणें म्हणजे काय, हें आम्हांला मागल्या वर्षीं धाकट्यानें शिकविलें होतें. त्या वेळीं आम्हीं एके दिवशीं एकाएकीं सुटी जाहीर केली. दुसऱ्या दिवशीं नऊ वाजतां तो सतरंजीच्या जागेवर उभा राहिला आणि सतरंजी नाहीं असें पाहून त्यानें जो आक्रोश केला तो दुपारपर्यंत थांबला नाहीं. आठवडाभर हाच प्रकार. इतर मुलांना सुटी म्हणजे सुटका. त्याला ती पायांखालची जमीन सरकल्यासारखी वाटली.

म्हणून यंदा आम्हीं शेवटहि शिकविला. भिंतीवर १५ कागदी चिठ्ठ्या लावल्या. रोज संध्याकाळीं त्यानें स्वतः एक काढावयाची. शेवटच्या चिठ्ठीखालीं आंब्याचें चित्र होतें. शेवटच्या दिवशीं जूनमधलें अक्षर व एप्रिलमधलें अक्षर शेजारीं ठेवून मुलांना दाखविलें, आणि पाट्या-पुस्तकें त्यांच्याच हातांनीं पेटींत भरविलीं. शिवाय सुटींतहि नऊ वाजतां अर्धा तास सतरंजी घालावयाची असें ठरविलें. कारण अशा मुलांचें मिळविलेलें ज्ञान फार दिवस पडून राहिलें तर हातचें निसटतें. सुटीच्या पहिल्या दिवशीं धाकटा सतरंजीवर बसला, अर्ध्या तासानें उठला, आणि म्हणाला, “आंबा.” एवढेंच. पण त्या एका शब्दानें आमचा उन्हाळा सुखाचा झाला.

कन्येची परीक्षा मात्र बाकी होती, आणि ती तिनें आपण होऊन दिली. कोपऱ्यावरच्या दुकानांतून जिन्नस आणण्याचा सराव वर्षभर चालला होता. बेरीज-वजाबाकी तिला अजून पुरती येत नाहीं. नोट देऊन पुडा घ्यावा आणि उरलेले पैसे न घेतांच घरीं यावें, असें तिचें नेहमीं होई. मग मी मागोमाग जाऊन ते आणीत असें. सुटीच्या पहिल्या शनिवारीं ५० रुपयांची नोट घेऊन ती बिस्किटें आणायला गेली. मी नेहमीप्रमाणें मागें, झाडाच्या आडोशाला. दुकानदारानें पुडा दिला व तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. कन्या निघाली, दोन पावलें गेली, थांबली. माझें पाऊल पुढें पडणार होतें; तें मीं मोठ्या कष्टानें आंवरलें. ती परत फिरली, तळहात पुढें केला, आणि तिच्या जड जिभेनें, पण स्पष्ट, म्हणाली, “माझे राहिले.”

दुकानदारानें पैसे तिच्या हातावर ठेवले. ते तिनें मोजले नाहींत. मोजणें पुढल्या वर्षीं.

आम्हां उभयतांच्या मनांत रात्रंदिवस एकच प्रश्न असतो: आमच्या मागें या मुलांचें काय? त्याचें पुरें उत्तर माझ्याजवळ नाहीं. परंतु त्या झाडाच्या आडोशाला मला कळलें कीं, आमच्या घरच्या शाळेंत वर्षाची प्रगति मोजावयाची ती मूल किती पुढें गेलें एवढ्यावरून नव्हे. शिक्षकाचा हात किती मागें आला यावरूनहि. तो हात काळजीपोटीं पुढें धांवत असतो, आणि त्याला मागें घेणें हाच माझा स्वतःचा कठीण धडा आहे.

शुभवर्तमानांतील दासांचा दाखला आपण उपासनेंत पुष्कळदां ऐकला आहे. एका दासास पांच वाटे धन मिळालें, दुसऱ्यास दोन. दोघांनींहि आपापलें दुप्पट केलें, आणि धन्यानें दोघांनाहि अगदीं त्याच शब्दांत शाबासकी दिली. मी हा दाखला लहानपणापासून जाणतों. त्यांतला दुसरा दास मात्र मीं अलीकडेच पाहिला.

असो. विद्यार्थिमित्रांनो, जूनमध्यें तुमच्या वर्गांत एखादा मंद गतीचा सोबती बसला, तर त्याचें काम तुम्ही करून टाकूं नका, आणि त्याला हंसूंहि नका. थोडें थांबा. तो परत फिरेल. आणि तुमच्या या मास्तरांनीं कोणाच्या प्रगतिपुस्तकांत घाईनें शेरा लिहिलेला दिसला, तर त्यांना तो पुन्हा वाचावयास अवश्य सांगा.