टॅग, रीडर आणि कपाटात हरवलेली पुस्तकं

प्रिय सखे,

तुमच्या मंडळाच्या पुस्तकांना टॅग लावायचे ठरल्याचं वाचून फार बरं वाटलं. रीडर कुठला घेऊ, असं तू विचारलं आहेस. इतक्यात काहीच घेऊ नकोस. तो कशासाठी हवा आहे ते आधी बैठकीत एकदा नीट बोलून घ्या, कारण सगळी खरेदी त्यावर ठरते.

आमच्या वाचनालयात आरएफआयडीचा, म्हणजे या टॅग आणि रीडरचा, विषय निघाला तो चोरीवरून. दाराशी कमान बसवा, पुस्तक लपवून नेलं की ती वाजेल, असं कार्यकारिणीतल्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आता तर ते पक्कं झालंय. वाचनालयात चोरीला जाणारी पुस्तकं थोडी. चुकीच्या कप्प्यात जाऊन बसणारी पुस्तकं खूप. सभासद पुस्तक काढतो, चाळतो आणि हाताला येईल त्या जागी सरकवून देतो. दाखल नोंदवहीत ते आहे, कपाटातही आहे, पण मागणाऱ्याला मिळत नाही. दोन-तीन वेळा शोधून सापडलं नाही की त्याच्यापुढे ‘गहाळ’ असा शेरा पडतो. रीडरचं खरं काम ही पुस्तकं परत मिळवून देण्याचं आहे.

आता आधी टॅगची ओळख करून घे. पुस्तकाचा टॅग म्हणजे साधारण पाच सेंटिमीटरचा चौकोनी स्टिकर. उजेडात धर, म्हणजे धातूच्या बारीक रेघेची चौकोनी वेटोळी दिसतील आणि एका बाजूला डोळे बारीक करून शोधावी लागेल अशी चिप. बॅटरी नाही. रीडरच्या आतही एक वेटोळं असतं आणि त्यातून सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार आवर्तनांचा प्रवाह फिरतो. हेच ते १३.५६ मेगाहर्ट्झ. त्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रात टॅग आला की त्याच्या वेटोळ्यात वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलं ते प्रवर्तन आपण शाळेत शिकलो होतो, तेच हे. तेवढ्या विजेवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. टॅग लांब गेला की ती पुन्हा बंद.

दुसऱ्याच्या शक्तीवर बोलणाऱ्या अशा यंत्रांच्या घराण्यात एक नामांकित पूर्वज आहे. १९४५ साली मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांच्या हस्ते अमेरिकी राजदूताला लाकडात कोरलेलं गरुडाचं राजचिन्ह भेट मिळालं. आत लिऑन थेरेमिन यांनी घडवलेलं एक लहानसं उपकरण होतं. त्यालाही बॅटरी नाही, तार नाही. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की खोलीतलं बोलणं त्या परतणाऱ्या लहरींवर स्वार होऊन बाहेर जायचं. ते उपकरण सापडलं थेट १९५२ साली. तुझ्या धाकट्याला हे जरूर सांग, त्याला आवडेल.

त्यालाच आणखी एक सांगून ठेव, कारण मुलं हमखास तिथे जातात. बाजारात आरसी५२२ नावाचा निळा, स्वस्त बोर्ड मिळतो. आर्डुइनोला जोडायला सोपा, चार तारा डेटाच्या, एक रीसेटची, एक जमिनीची, आणि वीज मात्र ३.३ व्होल्टच्या टोकावरूनच द्यायची, शेजारच्या ५ व्होल्टच्या नव्हे. त्याच्याबरोबर येणारं कार्ड आणि किल्लीच्या जुडग्याला लावायची निळी चकती तो झटकन वाचतो. पण पुस्तकाचा टॅग त्यावर कितीही वेळ ठेवलास तरी तो गप्पच राहील. दोघांची वारंवारता एकच, १३.५६, तरी बोलण्याची रीत निराळी. कार्डं बोलतात आयएसओ १४४४३च्या रीतीने, पुस्तकांचे टॅग आयएसओ १५६९३च्या. पहिली रीत चार बोटांच्या अंतरासाठी आखलेली, दुसरी वीतभर किंवा जास्त अंतरासाठी. म्हणून रीडर घेताना जाहिरातीतला १३.५६चा आकडा बघून भुलू नका. ‘१५६९३ वाचतो का?’ एवढं विक्रेत्याला स्पष्ट विचारा आणि आपला टॅग त्याच्यासमोर वाचून घ्या. आरसी५२२ दाराच्या कुलुपाच्या प्रयोगाला किंवा हजेरीला छान आहे. फक्त त्याच्या त्या कार्डांवर पैशांचा हिशोब कुणी ठेवू नये. ती बहुधा मायफेअर क्लासिक जातीची असतात आणि त्या जातीचं सांकेतिक कुलूप नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ सालीच उघडून दाखवलं आहे.

एक पैसाही न खर्चता सुरुवात करायची असेल तर फोन घे. एनएफसी असलेले बहुतेक फोन पुस्तकाचा टॅग वाचतात. फोनची पाठ टॅगला टेकवायची आणि हळूहळू सरकवत त्याची नेमकी जागा शोधायची. पडद्यावर ‘E0’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक उमटेल. तो त्या चिपचा जन्मक्रमांक, ६४ बिटांचा, कारखान्यात कोरलेला, न बदलणारा. त्याखाली आपल्याला लिहायची जागा असते. आमच्या टॅगमध्ये ती ११२ बाइट आहे. दाखल क्रमांकाला तेवढी चिक्कार झाली.

त्या जन्मक्रमांकाचा मोह मात्र नको. तो आयताच मिळतो, तेव्हा तोच पुस्तकाला जोडून टाकू असं वाटतं. पण एकच टॅग एका रीडरवर सुलटा दिसतो, दुसऱ्यावर बाइट उलट्या क्रमाने, तिसऱ्यावर सरळ दशमान संख्येत. उद्या रीडर बदलला की सगळी यादी अनोळखी. शिवाय टॅग फाटला तर पुस्तकाची ओळखच जाईल. म्हणून टॅगमध्ये आपला दाखल क्रमांक लिहायचा, बारकोडवर असतो तोच, अगदी तसाच, पुढच्या शून्यांसकट. नवा टॅग लावला तरी पुस्तक तेच राहतं.

काउंटरवर ठेवायचा रीडर म्हणजे एक सपाट पॅड, यूएसबीला जोडायचा. बऱ्याच पॅडना कीबोर्डसारखं वागता येतं, म्हणजे टॅग समोर आला की कर्सर जिथे असेल तिथे क्रमांक टाइप होतो आणि एंटर दाबलं जातं. पहिली चाचणी साध्या नोटपॅडमध्ये कर. एकाखाली एक क्रमांक नीट उतरले की मग तेच पॅड देवघेवीच्या पडद्यावर ने. आमचा सगळा कारभार ‘कोहा’ या ग्रंथालय-प्रणालीवर आहे आणि ती तर तुझ्याच घराजवळची, न्यूझीलंडची. वेलिंग्टनच्या उत्तरेला लेविन आहे ना, त्या भागातल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल पेलणार नव्हती, म्हणून त्यांनी १९९९मध्ये एका स्थानिक कंपनीकडून नवी लिहून घेतली आणि जानेवारी २०००मध्ये ती सुरू केली, मग सगळ्या जगाला मोफत खुली केली. त्याच प्रणालीवर आमच्या तालुक्याच्या गावातली देवघेव चालते याचं मला फार अप्रूप वाटतं. कधी त्या बाजूला गेलीस तर त्या ग्रंथालयात जाऊन ये, आमच्या वतीने.

एका वेळी एक पुस्तक, एवढंच हवं असेल तर कीबोर्डवाली सोय पुरते. गठ्ठा एकदम ठेवून वाचायचा असेल तर मध्ये रीडरच्या कंपनीचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. एकाच वेळी सगळे टॅग ओरडले तर रीडरला काही कळणार नाही, म्हणून तो वर्गातल्या बाईंसारखी हजेरी घेतो. ज्यांच्या जन्मक्रमांकाचा शेवटचा अंक शून्य त्यांनी बोला, मग एकवाल्यांनी, असं करत सोळा हाका. एकाच हाकेला दोघे बोलले की त्यांच्या आधीचा अंक विचारायचा. पाच-सहा पुस्तकांची हजेरी डोळ्याचं पातं लवायच्या आत होते. तरीही पडद्यावरची संख्या आणि हातातली पुस्तकं जुळली की नाही हे माणसाने बघायचंच. आमच्या काउंटरवर तसा नियमच आहे.

संख्या कमी का भरते, तर एकावर एक येणारे टॅग एकमेकांची ऊर्जा खातात. म्हणून सगळ्या पुस्तकांना एकाच जागी टॅग लावू नका. मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, बांधणीजवळ, एकाला वर, पुढच्याला मध्यावर, त्याच्या पुढच्याला खाली, असे आलटून पालटून लावा. आणि जुन्या, कागद पिवळा पडून तुटायला लागलेल्या पुस्तकांना स्टिकर अजिबात चिकटवू नका. डिंक कागदाला कायमचा जखडतो. आम्ही अशा पुस्तकांसाठी जाड कागदाची पट्टी कापली, तिच्यावर टॅग लावला आणि ती पानांत सरकवून ठेवली. पट्टी हरवू शकते, हे खरं. पण त्या पानांना इजा होण्यापेक्षा पट्टी हरवलेली परवडली.

लोखंडाचं आता सांगते, कारण वेळ सगळ्यात जास्त तिथे जातो. पॅड स्टीलच्या टेबलावर ठेवलं की त्याची पोच निम्म्याहून खाली येते. चुंबकीय क्षेत्र पत्र्यात भोवरे करून तिथेच जिरतं. खाली दोन-तीन इंच जाडीचा लाकडी ठोकळा दे किंवा टेबलच लाकडी घे. कपाटांचंही तेच. खणाच्या टोकाला, पत्र्याच्या उभ्या बाजूला खेटून बसलेलं पुस्तक हातातल्या रीडरला दिसत नाही. ते बोटभर ओढून घ्यावं लागतं. आणि परत आलेल्या पुस्तकांचा ढीग पॅडच्या बाजूला रचू नका, त्यातलंच एखादं भलत्या सभासदाच्या नावावर चढतं.

हे सगळं जमलं की मग साठा तपासणी. पूर्वी एकाने नोंदवहीतून क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने कपाटातून ‘आहे’ म्हणायचं, आणि धुळीने दोघांचेही घसे बसायचे. आता लांब दांड्याचा रीडर घेऊन खणासमोर उभं राहायचं आणि पुस्तकांच्या पाठींवरून तो सावकाश फिरवत न्यायचा, डावीकडून उजवीकडे. टॅग वाचला की टिक् असा आवाज येतो. घाई केली की टिकटिक तुटते, मग तो पट्टा पुन्हा. एक खण संपला की पडद्यावर तीन याद्या असतात. जागेवर असलेली, असायला हवीत पण न दिसलेली आणि इथली नसूनही इथे असलेली. माझा सगळा जीव त्या तिसऱ्या यादीत. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ शेतीच्या खणात खतांच्या दोन पुस्तकांच्या मध्ये मिळालं, आमच्या वहीत त्याच्यापुढे गहाळचा शेरा होता. ऋतू म्हणजे शेती, असं कुणाला तरी सहज वाटलं असणार. मी तो शेरा लाल शाईने खोडला आणि पुस्तक त्याच संध्याकाळी मागणीच्या यादीतल्या पहिल्या सभासदाला दिलं. तिने ते कधीपासून मागून ठेवलं होतं. कमानीने हे पुस्तक कधीच शोधून दिलं नसतं, ते दाराबाहेर गेलंच नव्हतं.

म्हणून कमान आम्ही घेतली नाही. तिचं तत्त्व चांगलं आहे. देवघेवीच्या वेळी टॅगमधला एक बाइट बदलतो, कमान तेवढाच बघते, त्यामुळे संगणक बंद असला तरी ती काम करते. पण ज्याला न्यायचंच आहे त्याला धातूचा पातळ कागद पुस्तकाभोवती गुंडाळणं पुरतं. त्या पैशांत आमचा हातातला रीडर आला, तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

एका गोष्टीवर मात्र बैठकीत अडून बस. टॅगमध्ये पुस्तकाचं नाव नको, सभासदाचं तर मुळीच नको. टॅग कुणाच्याही फोनवर वाचता येतो. बसमध्ये शेजारी बसलेल्याला, आपण कुठल्या आजाराबद्दल किंवा घटस्फोटाबद्दल वाचतोय हे कळण्याचं काही कारण नाही. नुसता क्रमांक असला तर त्याला अर्थ फक्त वाचनालयाच्या संगणकात. तसंच, क्रमांक लिहून झाला की तो कुलूपबंद करावा, नाहीतर कुणीही फोनवरून बदलेल. पण कुलूप एकदा लागलं की कायमचं, तेव्हा आधी लिहा, दुसऱ्या रीडरवर वाचून ताडून बघा आणि मगच लावा.

तुमची पुस्तकं किती आहेत आणि कपाटं लाकडी की लोखंडी, एवढं आधी कळव. तीन-चारशे पुस्तकं असतील आणि महिन्यातून एकदाच देवघेव असेल, तर मी म्हणेन पॅडही घेऊ नका, टॅग आणि एक फोन यावर भागेल. उरलेल्या पैशांत मुलांसाठी मराठी पुस्तकं मागवा. यादी मी करून देते, फक्त वयं लिहून पाठव.

तुझीच